आत्याची नाटकं

सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात सगळेच तिला आत्या म्हणत, कारण मालकाची मुलं तशी हाक मारत. मालक तिचा थोरला भाऊ. कापड बेतावं ते आत्यानंच, असं तोही म्हणायचा.

मग तिला चक्कर येऊ लागली. पहिल्यांदा ती बेतायच्या टेबलाची कड धरून सावरली. दुसऱ्यांदा मखमलीच्या ताग्यावर कोसळली. दादानं कारागिरांसमोर तिला हात जोडले.

“बाईसाहेब, नाटकं पुरे. काम नको असेल तर तसं सांग.”

कारागीर हसले. दादानं तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला बटणं लावायला बसवलं. आत्या तेव्हाच भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वेळी जिन्यात पडली, तेव्हा शेजारणीनं तिला इस्पितळात नेलं. हार्ट ब्लॉक. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा निरोप खाली पोचतच नव्हता.

“पेसमेकर बसवू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण त्याची तार हृदयाच्या स्नायूत वाटेल तिथं टेकवायची नाही. निरोपाची मूळ वाट जिथं तुटलीय, त्याच्या पुढं जाऊन त्या वाटेलाच धरायचं. मग हृदय आपल्या रीतीनं चालतं, लवकर थकत नाही.”

“किती वर्षं?”

“भरपूर.”

“भरपूरच लागणार आहेत,” आत्या म्हणाली.

तार बसवताना ती जागी होती. पडद्यावरच्या रुंद, फेंगड्या रेघा एकाएकी बारीक, नेटक्या झाल्या. “सापडली वाट,” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

घरी सोडताना त्यांनी बजावलं, “वडीलही असेच गेले म्हणता. घराण्यात असू शकतं. भावाचा कार्डिओग्राम काढून घ्या. सांगाल ना?”

“सांगते की.”

सांगितलं नाही. ती परत बटणं लावू लागली. दादा जिन्यात दम खायला थांबला की तिची सुई थांबायची. अजून नाही, ती मनात म्हणायची. सगळे समोर हवेत.

एके दुपारी कापड बेतता बेतता दादानं टेबलाची कड धरली. तीच कड. कात्री खणकन पडली, पाठोपाठ तो. कारागीर धावले. त्यानं डोळे उघडले तेव्हा आत्या हात जोडून समोर उभी होती.

“मालक, नाटकं पुरे.”

कुणी हसलं नाही.

“माझ्या डॉक्टरीणबाईंकडे जा,” ती म्हणाली. “बाबांचं होतं, माझं होतं, तेच तुझं असणार.”

दादा तिच्याकडे बघत राहिला. “तुला कधीपासून माहीत होतं?”

आत्यानं कात्री उचलली.

“गाडी काढा रे,” ती कारागिरांना म्हणाली, आणि त्यानं अर्धवट टाकलेलं कापड पुढं बेतू लागली.