मोळीतली अळी आणि छपरातला भुगा

तुमच्या सरपणात अळी निघाली, तर तुम्ही आधी कोणाकडे पाहता? अळीकडे, की मोळी विकणारीकडे?

शहाद्यात मी एका मारवाडी दुकानदाराच्या घरी भाड्याने राहत होतो. तिथल्या काकी प्रत्येक लाकूड चुलीत घालण्याआधी जमिनीवर आपटत. आत जीव असेल तर जळू नये म्हणून. एका सकाळी त्यातून बोटाएवढी जाड, पांढरी अळी पडली. काकींनी ती पानावर अलगद उचलून परसातल्या लिंबाखाली सोडली, हात धुतले आणि निकाल दिला, "हाई वाळवी शे. छपरमाईन भुगा पडी ऱ्हायना तो हिन्हामुळेच. त्या मोळीवालीले आते दारमा उभं करानं नही."

मोळीवाली म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याहून बाजाराच्या दिवशी सरपण आणणारी भिल्ल बाई. आमची गल्ली हेच तिचे गिऱ्हाईक. मोळी खपली तरच तिचे मीठ आणि ज्वारी.

मी पत्रके वाचून वाढलेला माणूस, गप्प कसा बसणार? किडींवरचे शेतकी पत्रक काढले, शिडी लावून छपर पाहिले.

"काकी, बांबूला सुई शिरेल एवढी भोकं आहेत. ही बोटाएवढी अळी त्यातून जाईल कशी? बांबू पोखरतो तो घुण. त्याचा भुगा पिठासारखा असतो. ही अळी मोठ्या भुंगेऱ्याची, ओल्या लाकडात सालीखाली वाढणारी. वाळवी यातली एकही नाही. वाळवी मातीची नळी बांधत येते."

"भाऊ, कीड ती कीड. तू कागद वाच, मी चूल पेटाडस."

दुपारपर्यंत गल्लीभर झाले. बाजाराच्या दिवशी एकही दार उघडले नाही. संतापून मीच मोळी घेतली.

"वाळवी हाय म्हणता ना सगळे? मग तू कशाला घेतो?" तिने विचारले.

मी खानावळीत जेवणारा. दुसरी मोळी कुठे जाळणार होतो? पुढच्या बाजारी ती गल्लीच्या तोंडावरूनच वळली. मग आलीच नाही.

तिच्या मोळीतला एक किडका ओंडका मी मडक्यात घालून वर फडके बांधून ठेवला होता. उन्हाळा सरता सरता त्यातून तपकिरी भुंगेरा निघाला, मिशा अंगापेक्षा लांब. काकींसमोर धरला.

"कितला देखणा शे! लिंबवर सोडी ये, धक्का लागू देऊ नको."

"मग मोळीवालीला निरोप धाडू?"

"ते येगळं."

काय येगळं? सरपण तेव्हा वखारीतून येत होते आणि छपरातून भुगा तसाच काकींच्या पिठाच्या परातीत पडत होता! अळीला पानाची पालखी, आणि ती अळी डोक्यावर वाहून आणणाऱ्या बाईला बंद दार.

वाचकहो, एवढे करा. छपराखालचा भुगा चिमटीत घ्या, सरपणातल्या अळीशेजारी ठेवा आणि नीट पाहा. मग दार उघडून मोळीवालीला हाक मारा. तुमच्या गल्लीत ती अजून येत असेल.