कोनेअण्णाचं पिवळं फडकं

"मला घाई नाही. ज्याला असंल त्यानं पुढं व्हावं."

दयानंद हे सगळीकडं म्हणायचा. बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या कारखान्यात लेथपाशी उभा असताना म्हणायचा, रेशनच्या रांगेत म्हणायचा, बसच्या दारात लोकांची रेटारेटी चालली की बाजूला सरकून म्हणायचा. लग्नात भटजींनी मुहूर्त टळेल म्हणून ओरडा केला तेव्हाही नवरदेव हेच बोलला होता, असं त्याची बायको भाग्यलक्ष्मी सांगते. ती धारवाडकडची. सांगताना हसायची. आता सांगत नाही.

दयानंद आमच्या खानापूरच्या रानाकडचा. ओठावर मिसरूड फुटायच्या सुमारास बेंगळुरूला आला आणि पीण्याच्या लोखंडात शिरला तो तिथलाच झाला. अंगाला कायम कटिंग ऑइलचा वास. बरोबरीच्यांनी मोटारसायकली घेतल्या, हप्ते फेडले, पुन्हा नव्या घेतल्या. ह्याची काळी, उंच, कॅरिअरवाली सायकल तशीच राहिली. सायंकाळी हमरस्त्याच्या कडेनं तो घरी जायचा तेव्हा बस, मोटारी, रिक्षा सगळं त्याला मागं टाकून जायचं, आणि तो त्यांच्याकडं अशा नजरेनं बघायचा की जणू त्यानंच त्यांना वाट करून दिलीय.

क्लबात तो आला नरसिंहरावांमुळं. जयनगरातल्या 'स्नेहदीप' सेवा क्लबाचे ते जुने माणूस. घराणं तीन पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं, मराठी बोलताना निम्मं कानडी सांडायचं. हा क्लब दरवर्षी थंडी संपता संपता एका रविवारी सायकलफेरी काढतो. शहर संपतं तिथून निघायचं आणि हुलीकट्टे नावाच्या लहानशा पेठेच्या गावी पोचायचं. फेरीवर जी वर्गणी जमते ती गावच्या कामाला लावायची. कधी शाळेचं छप्पर, कधी दवाखान्यातली बाळंतिणीची खोली. पहिल्याच फेरीत एक पोरगी सायकलवरून पडून गुडघे फोडून बसली होती. सगळे पुढं निघून गेले. दयानंद रात्रपाळी संपवून सायकलवरून त्याच वाटेनं चालला होता, तो उतरला आणि तिच्याबरोबर चालत हुलीकट्टेपर्यंत गेला. दोघं पोचेपर्यंत भांडी घासून झाली होती, मांडव सुटला होता. पोरीला साधं ताकही मिळालं नाही.

नरसिंहरावांना ते फार लागलं. त्यांनी दयानंदला घरी बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून सगळ्यांच्या शेवटी तू चालायचं. आणि एक नियम घातला. शाळेच्या पटांगणात पंगत बसेल, पानं मांडली जातील, पण शेवटचा माणूस पोचल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. पहिला घास त्या शेवटच्याचा. मग गाव, पोरं, पाहुणे.

तेव्हापासून दयानंदच्या सायकलमागं वेळूची काठी लागली आणि काठीला हळदीसारखं पिवळं फडकं. लोक त्याला कोनेअण्णा म्हणू लागले. कोने म्हणजे कानडीत शेवट. पुण्याकडून आलेली, महादेवपुऱ्यात कंप्युटरवर काम करणारी पोरं त्याला इंग्रजी नाव द्यायला गेली, तर तो म्हणाला, आहे तेच बरं आहे. कारखान्यात कुणी त्याला नावानं हाक मारत नव्हतं, नंबरानं मारत होते. हुलीकट्टेत मात्र पोरं शाळेच्या भिंतीवर चढून पिवळं फडकं दिसायची वाट बघत. वर्षातल्या त्या एका दिवसासाठी तो माणूस बाकीचं वर्ष काढत होता, असं मला वाटतं.

फडक्याला आणखी एक काम होतं, ते पंगतीइतकं कुणाच्या तोंडी नसे. हुलीकट्टेच्या अलीकडं खडीच्या खाणी आहेत. डोंगर अर्धा खाल्लेला, आत पांढरं पाणी साचलेलं, आसपासच्या बाभळींवर पिठासारखी धूळ. खाणीचा रस्ता जिथं मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं फेरीच्या दिवशी दोरी बांधून लॉऱ्या अडवून धरत. क्लबाची दोन माणसं दोरी धरून उभी राहत. पिवळं फडकं पुढं गेलं की दोरी सोडायची. त्यामागं सायकल नाही, अशी ती खूण.

त्या वर्षी मी वाढप्यांत होतो. भाग्यलक्ष्मी नेहमीप्रमाणं हुळीच्या, म्हणजे कानडी आमटीच्या, पातेल्यापाशी. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते मागून दयानंदनं एकदाच, जमिनीकडं बघत सांगितलं, ते तसंच लिहितो.

सकाळी निघायच्या जागी नरसिंहरावांची नात भार्गवी त्याच्यापाशी आली. म्हाताऱ्याला वर्षाअखेरीस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. छातीचं दुखणं. डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली होती, आणि राव ऐकत नव्हते. शेवटची एक फेरी, मग खुर्ची, असं त्यांनी घरच्यांकडून कबूल करून घेतलं होतं.

"दयाकाका," ती हळू आवाजात म्हणाली, "आजोबांच्या मागंच राहा. ते रागावले, तुम्हाला काही बोलले, तरी. एवढं करा."

दयानंद म्हणाला, त्यात सांगायचं काय, मी दरवर्षी सगळ्यांच्या मागंच असतो. भार्गवीला त्यानं धीर दिला आणि ती गाडीनं पुढं पंगतीच्या तयारीला गेली.

त्या दिवशी वारा नव्हता. एरवी फडफडणारं फडकं काठीला चिकटून खाली लोंबत होतं. उन्हाला गढूळ रंग होता. पुढच्या सायकली एकेक करून वळणाआड गेल्या, त्यांच्या घंटा विरल्या, आणि रस्त्यावर ही दोनच माणसं उरली. राव पुढं, हा मागं. रावांचा सदरा पाठीला चिकटला होता. पायडल मारताना त्यांचं डोकं दर वेळी थोडं जास्त खाली जात होतं, आणि दयानंदला ते मागून दिसत होतं. रावांना तो कानडीत रायरे म्हणायचा. तो दोनदा म्हणाला, रायरे, जरा थांबू. राव थांबले नाहीत.

खाणीच्या अलीकडं तळ्याच्या बांधाला चढ आहे. तिथं राव उतरले. सायकल हँडलला धरून उभे राहिले, मग तिच्यावर ओणवे झाले. बांधावरून खाणीचा फाटा दिसत होता. दोरीमागं लॉऱ्यांची रांग लागली होती, मागं डोंगरापर्यंत. इंजिनं चालू ठेवलेली. दर वर्षीपेक्षा उशीर झाला होता. त्या सगळ्यांची घरघर मिळून जमिनीतून येत असल्यासारखी पायाला लागत होती.

तेवढ्यात दयानंदचा फोन वाजला. पंगतीवरून तनय बोलत होता. पुण्याचा पोरगा, त्या वर्षीचं सगळं नियोजन त्याच्याकडं. तो चांगल्या मनानंच विचारत होता, की काका, किती वेळ लागेल, पोरं उकाड्यात पानांवर बसलीत, एकीला चक्कर आली, हेडमास्तर आता वाढा म्हणतायत पण गावातली मोठी माणसं नियम मोडू देत नाहीत.

रावांनी ते ऐकलं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "दया, तू हो पुढं."

"मला घाई नाही, रायरे."

"तुला नाही. त्या पोरांच्या पोटाला आहे. माझ्यापायी लेकरं उपाशी बसलीत, हे मी ह्या वयात बघू?"

दयानंद म्हणाला, गाडी बोलावतो, तुम्ही गाडीत बसा, मी फडकं घेऊन मागून येतो. राव हसले. त्या हसण्याला दम पुरला नाही.

"गाडीत बसून पंगतीला जायला मी काय लग्नातला व्याही आहे? नियम मी घातला, दया. फडकं पोचलं की पानं वाढतील. मी इथं स्वल्प बसतो आणि येतो. पुढं उतारच आहे."

"भार्गवीताईंना शब्द दिलाय."

"आणि मला?" राव म्हणाले. आवाज चढला होता. "तू कुणामुळं कोनेअण्णा झालास? मला गुरासारखं राखतोस होय? जा म्हणतो ना."

हे वाक्य लागलं. वीस-बावीस वर्षांत ते त्याला कधी असं बोलले नव्हते. दयानंद सायकलवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मागं माणूस होता.

उतारावर सायकलनं वेग घेतला आणि इतका वेळ मरगळलेलं फडकं उघडलं. फाट्यावरच्या लोकांना ते लांबून दिसलं. हा तिथं पोचायच्या आत त्यांनी दोरी सोडलीही. पहिली लॉरी रस्त्यावर आली, मग दुसरी. काही गावाकडं वळल्या, काही बांधाकडं. दयानंद हात वर करून ओरडत होता, की अजून एक आहेत मागं, थांबा. क्लबाची माणसं त्या वर्षी नवी होती. इंजिनांच्या आवाजात एकानं एवढंच ऐकलं की अण्णा काहीतरी म्हणतायत. त्यानं फडक्याकडं बोट दाखवलं, सरी अण्णा, ठीक आहे, झालं सगळं, आणि दोरी गुंडाळायला लागला. दयानंदनं त्याला दंडाला धरून पुन्हा सांगितलं. तोवर अर्धी रांग रस्त्यावर आली होती. आता अडवायचं कुणाला आणि कशानं?

तिथून मागं फिरायला हवं होतं. तो स्वतःच हे म्हणाला. पण शाळा समोर दिसत होती, भिंतीवर चढलेली पोरं फडकं बघून किंचाळत होती. फडकं टाकू आणि उलट येऊ, असं त्याच्या मनात आलं. राव बसलेच असतील बांधावर, सावलीला.

इथून पुढचं मी पाहिलं. तो फाटकातून आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता. आम्हाला वाटलं, धूळ. तो उतरतो न उतरतो तोच सायकली परत शहरात नेणाऱ्या टेम्पोवाल्यांनी त्याची सायकल उचलली, शेवटची सायकल आली म्हणून बाकीच्यांवर चढवली आणि दोर आवळून टाकले. तो काही सांगायला बघत होता. पण हेडमास्तरांनी त्याचा हात धरला, लोकांनी वाट केली, चपला काढून त्याला मधल्या पानावर बसवला. भात पडला, हुळी पडली. सगळं गाव त्याच्या हाताकडं बघत होतं. समोर ती पोरं, ओठ वाळलेली.

भार्गवी ताकाची घागर घेऊन पंगतीतून येत होती. तिनं त्याला पाहिलं, मग त्याच्या मागं पाहिलं.

"आजोबा?"

"येतायत," दयानंद म्हणाला. "स्वल्प मागं आहेत."

तिच्या तोंडाकडं त्याला बघवलं नाही. त्यानं घास उचलला आणि तोंडात घातला. एकदम सगळी पंगत हलली, पानांवर हात चालू लागले. त्याच्या तोंडातला घास मात्र तसाच राहिला, गाल फुगलेला. भिंतीपलीकडून लॉऱ्या जात होत्या, एकीमागं एक, वाटीतलं ताक थरथरायचं. मी भात वाढत त्याच्यापाशी आलो तेव्हा तो जेवत नव्हता. कान देऊन ऐकत होता.

मग लॉऱ्या थांबल्या.

आवाज कमी कमी होत गेला नाही. एकीचा ब्रेक करकरला, तिच्यामागच्या दुसरीचा, आणि तसं लांबून जवळ येत येत सगळी रांग उभी राहिली. एकामागून एक इंजिनं बंद झाली. मांडवात पोरांच्या भुरक्यांशिवाय काही ऐकू येईना. भाग्यलक्ष्मीनं पळी पातेल्यात सोडली.

थोड्या वेळानं एक दूधवाला मोपेडवरून फाटकाशी आला. आत न येता त्यानं बाहेरूनच कानडीत विचारलं, की पांढऱ्या केसांचे, चष्मा लावणारे, सायकलवाले अज्ज तुमचे का. बांधाच्या उतारावर ते सायकलवरून येत होते, समोरून लॉरी चढत होती, ड्रायव्हरनं सगळं करून पाहिलं. ते आहेत का, असं हेडमास्तरांनी विचारलं. दूधवाल्यानं मान हलवली. नाहीत.

भार्गवीनं घागर खाली ठेवली. ती चालत दयानंदपाशी आली आणि उभी राहिली. तो पानावरच बसलेला, वर बघत.

"तुम्ही जेवताय, काका," ती म्हणाली.

एवढंच. मग ती दूधवाल्याच्या मागं बसली आणि मोपेड लॉऱ्यांच्या कडेनं निघून गेली.

तनय गाडी काढायला धावला, पण रस्ता लॉऱ्यांनी तुंबला होता. दयानंद उठला. हात धुतला नाही, चपला शोधल्या नाहीत. फाटकाबाहेर पडला आणि बांधाकडं चालू लागला. ड्रायव्हर खाली उतरून चाकांपाशी उभे होते. त्याला येताना बघून ते एकेक करून मागं सरत होते. तनयनं दोनदा हाक मारली.

भाग्यलक्ष्मी फाटकाच्या खांबाला धरून उभी होती. लॉऱ्यांच्या आणि काटेरी कुंपणाच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून तो अनवाणी चालला होता, भाताचा उजवा हात अंगापासून दूर धरलेला. वळणापाशी तो लॉऱ्यांआड झाला. ती तरीही बघत राहिली.