जड हात, मऊ सुई

लग्नं जुळवणाऱ्या माणसाला मध्यस्थ म्हणतात. त्या गल्लीत मात्र रेकॉर्ड वाजवायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका साठीच्या गृहस्थांना मध्यस्थ म्हणत, आणि त्यात चूक काहीच नव्हती. टर्नटेबल एका घरचं, त्यावरचा आडवा हात दुसऱ्या घरचा आणि हाताच्या टोकाला सुई धरून बसलेलं कार्ट्रिज तिसऱ्याच घरचं. या तिघांना सुखाने नांदवायचं, हाच त्यांचा धंदा.

गिऱ्हाईक नवं कोरं कार्ट्रिज घेऊन ऐटीत आलं, की मध्यस्थ किंमत-बिंमत काही विचारत नसत. "हात जड आहे की हलका?" एवढंच. जड हाताला ताठ सुई, हलक्या हाताला मऊ सुई, हा त्यांचा कायदा. कुणी हट्टालाच पेटलं तर म्हणायचे, "जोडून देतो, माझं काय जातंय? पण यांचं पटायचं नाही, आणि रडेल ती बिचारी रेकॉर्ड." गिऱ्हाईक तणतणत जायचं आणि आठवड्याने परत यायचं.

संध्याकाळी घरी आले की चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायचं आणि एक रेकॉर्ड ऐकायची, हा त्यांचा नेम. नेमकं त्याच वेळी बायको स्वयंपाकघरातून काहीतरी काम सांगायची, आणि मध्यस्थांना ते ऐकू यायचं नाही. "सुई झिजलेली बरी ऐकू येते, मी बोललेलं तेवढं येत नाही," ती म्हणायची. संसारात एवढं बहिरेपण चालतं.

मग एका संध्याकाळी त्यांच्या आवडत्या रेकॉर्डवरचा एक सूर हलला. संथ गाणं होतं, शेवटी गाणारी बाई एक लांब सूर धरून ठेवते. तो सूर इतकी वर्षं खुंटीसारखा ताठ उभा असायचा. त्या दिवशी तो थरथरला. दुसऱ्या दिवशीही थरथरला. त्यांनी दुसरी रेकॉर्ड लावली, तिच्यातलेही लांब सूर कापायला लागले. टर्नटेबलची गती तपासली, ती चोख होती.

मध्यस्थांचे वडील वाद्यं दुरुस्त करायचे आणि याच वयात ठार बहिरे झाले होते. "सूर हलतोय रे," असं म्हणत ते एकेक वाद्य पुन्हा पुन्हा उघडायचे, आणि सूर तर जागच्या जागी असायचा. त्यांच्या बहिरेपणाची सुरुवात तशीच झाली होती.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुकानात रहदारीच्या गोंगाटात ते यंत्र मिनिटभर वाजवून बघायचे, आणि तिथेही आता सरळ सूरसुद्धा कापतोयसा वाटायचा. मनात किडा वळवळायला लागला की दुसरं काय होणार? कानाच्या डॉक्टरकडे जायचं धाडस होईना. घरी रेकॉर्ड लावणं बंद झालं. बायकोने भांडं जरी ठेवलं तरी ते दारात येऊन विचारायचे, "काही म्हणालीस?" ती बघतच राहायची.

शेजारच्या शिंप्याला दुकान वाढवायचं होतं. त्याने एकदा सहज विचारलं, "मध्यस्थ, दमला असाल तर जागा मला द्या." मध्यस्थांनी एरवी त्याला हसून वाटेला लावलं असतं. या वेळी म्हणाले, "रविवारी सांगतो." होच सांगायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. कान नसलेल्या मध्यस्थाने कुणाचं काय जुळवायचं?

रविवारी संध्याकाळी बायको शेंगा सोलायला बसली. घर फारच गप्प वाटलं म्हणून तिनेच उठून ती रेकॉर्ड लावली. लांब सूर जवळ आला तसे मध्यस्थ खुर्चीतून उठायला लागले. त्यांना तो ऐकवत नव्हता.

"या बाईचा आवाज हल्ली असा कापतो का हो?" बायको शेंगांतून मान वर न करता म्हणाली.

मध्यस्थ अर्धवट उठलेले तसेच राहिले. "तुला ऐकू येतं ते?"

"न यायला काय झालं? मी काय बहिरी आहे?"

"कधीपासून?"

"लेकीने ती नवी सुई पाठवली तेव्हापासून. मला वाटलं, भारी सुईतून असंच येत असेल. पोरीने पहिल्या पगारातून हौसेने पाठवलेली. तुम्ही बोलला नाहीत, मग मी कशाला नाव ठेवू?"

मध्यस्थ मटकन खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या टर्नटेबलवरचा हात हे काम शिकवणाऱ्या त्यांच्या उस्तादांनी दिलेला होता, जुना, जडशीळ. लेकीचं कार्ट्रिज एकदम मऊ सुईचं. दुकानात कुणी अशी जोडी आणली असती तर पायरीवरूनच परत गेला असता. पण इथे एकीकडे उस्ताद, दुसरीकडे लेक. नाही कुणाला म्हणायचं? आनंदाच्या भरात जोडून मोकळे झाले होते. रेकॉर्ड किंचित वाकडी असली की तो जड हात मऊ सुईवर डुलायचा, आणि त्याबरोबर सूरही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्यांनी कपाटातून जुनं ताठ सुईचं कार्ट्रिज काढलं, बसवलं, मागचं वजन सरकवून हात तोलला. रेकॉर्ड लागली. लांब सूर आला आणि शेवटपर्यंत सरळ उभा राहिला.

मग त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, वडिलांचंही. "एवढं मनात घेऊन बसलात," ती म्हणाली, "आणि मी आपली समजत होते, माझ्यावरच काही रुसलात."

लेकीला फोन गेला. तिच्या सुईसाठी हलक्या हाताचं चांगलं स्थळ बघतो, असा शब्द तिला दिला गेला. शिंपी विचारायला आला तेव्हा मध्यस्थांनी दारातच सांगितलं, "जागा नाही मिळायची. अजून पुष्कळ लग्नं उरकायची आहेत." शिंपी काय समजायचं ते समजून गेला.

चहा आला. मध्यस्थ खुर्चीत बसले आणि त्यांनी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

"अहो," स्वयंपाकघरातून हळू आवाज आला, "खाली जाऊन जरा दूध आणता का?"

मध्यस्थांना शब्द न् शब्द ऐकू आला. डोळे मिटून, काही ऐकलंच नाही अशा थाटात, ते बसून राहिले.