सटवाईपुढचा फॉर्म

आमच्या मेहुणीएवढी कटकटी बाई सगळ्या औसा तालुक्यात दुसरी झाली नाही, आणि मरायच्या आदल्या दिवशीही तिनं त्यात खाडा केला नाही. त्या सोमवारी तिनं मला रेशन दुकानाच्या काट्यावर उभं केलं. तांदळासाठी ही मोठी रांग लागलेली, आणि ही बाई सगळ्यांना बाजूला सारून मला दंडाला धरून पुढं घेऊन गेली. आकडा बघितला आणि पिशवीतून अंगणवाडीचं कार्ड काढलं. लहान लेकरांचं वजन मांडायचं कार्ड, हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, तांबडा पट्टा. त्यावर माझं नाव. माझी बायको गेल्यापासून ती दर महिन्याला माझं वजन त्यावर टिपायची. "दाजी, दोन किलो उतरलाव," रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली, "आक्काला जाऊन वरीस झालं न्हाई तर पिवळ्यात आलाव. भाकरी खाऊलालाव का कुत्र्याला टाकूलालाव?" मी म्हटलं, "सत्तरीच्या माणसाला कसला पट्टा लावतीस? ते कार्ड सहा वर्साच्या लेकरापस्तोर हाय." "तुमची अक्कल बी तितपतच हाय," ती म्हणाली. "दोन भाकऱ्या खायच्या. बुधवारी मला कोपऱ्यावरच्या घरी पाचवीला जायचंय, म्हणून उद्याच तुमचं ताट बघाया येते." उद्या आली नाही. आमचं शेवटचं बोलणं ते भांडणच झालं. त्याचं मला वाईट वाटत नाही. गोड बोलली असती तर मला शंका आली असती.

ही माझ्या बायकोची धाकटी बहीण, आमच्या गावच्या अंगणवाडीची बाई. गाव तिला नुसतं 'बाई' म्हणायचं. मी तिसरीतून शाळा सोडली, लातूरच्या डाळमिलमध्ये पोती वाहण्यात जन्म गेला. लिहिण्याचा सराव नाही. पण ती गेल्यावर गावातले लोक तिच्याबद्दल जे गोड गोड बोलायला लागले ते ऐकवेना, म्हणून लिहितो. ती गोड नव्हती. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की बापाला पोरगी झाल्याचं कळायच्या आत हिच्या वहीत नोंद व्हायची. ती अंगणवाडीत लागली त्या सुमारास सरकारनं नवीन योजना काढली होती. पोरगी जन्मली की तिच्या नावावर पोस्टात सरकार थोडे पैसे ठेवणार, आणि ती अठराची झाल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. पोर शाळेत पाहिजे, अठरापर्यंत बिनलग्नाची पाहिजे, नाहीतर हाती काही नाही. पुढं सरकारनं योजनेची नावं किती बदलली, अटी किती बदलल्या, पण हिच्या डोक्यातला अठराचा आकडा हलला नाही. तिला वय सरळ मोजताच येईना. अमक्याची पोर केवढी झाली असं कुणी विचारलं, तर 'चौदाची' न म्हणता 'चार राहिले' म्हणायची. रस्त्यानं चाललेल्या पोरीला हाक मारायची तीसुद्धा अशी, "ए चार राहिलेली, शाळेच्या टायमाला कुठं निघालीस?" गावातल्या सगळ्या पोरींची पासबुकं तिच्या पत्र्याच्या पेटीत. एखादा बाप मागायला आला की म्हणायची, "खातं पोरीचं हाय. तिला पाठवा, अठराची झाल्यावर." एकानं रागानं विचारलं, "आन् मी कोण हाय?" तर म्हणाली, "तुमी तवर तिला भाकर घालायची."

पण सगळ्यात जास्त तकरार व्हायची ती पाचवीला. आमच्याकडं बाळाच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी सटवाई पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि पुढं एक कोरा कागद अन् पेन ठेवायचा. रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी नशीब लिहून जाते. आमची मेहुणी प्रत्येक पाचवीला न बोलावता हजर. तो कोरा कागद उचलायची, घडी करून पदराला बांधायची आणि त्या जागी आपला खात्याचा फॉर्म ठेवायची. फॉर्मवर जिथं अठरा छापलेलं असे, तिथं खाली तांबड्या पेन्सिलीनं जाड रेघ. पहिल्यांदा हे केलं तेव्हा म्हाताऱ्या अंगावर आल्या. "आगं, सटवाईला सरकारी कागद कुठं चालतो?" ही म्हणाली, "कामून? तिला वाचता येत न्हाई का?" सटवाई अडाणी आहे असं कुणाच्या तोंडानं म्हणायचं?

तिची ही सगळी कटकट भूकंपानंतरची. त्याआधी ती हसरी, जरा आळशीच बाई होती, हे आता कुणाला सांगून पटत नाही. भूकंपात आमचा सहा वर्षांचा पोरगा गेला. मी लातूरला मिलमध्ये मुक्कामाला होतो म्हणून राहिलो, बायको दुपारपर्यंत ढिगाऱ्यात होती ती जिवंत निघाली. मेहुणीचा नवरा, पोरगा आणि पोरगी, तिघंही एका भिंतीखाली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये अंगणवाडी सुरू झाली आणि तिला तिथं काम मिळालं. बायकोनं लातूरला जाऊन आपलं पोरं बंद केल्याचं ऑपरेशन उघडून घेतलं, आणि चार-पाच वर्षांनी आम्हाला उतारवयात पोर झाली. तिच्या पाचवीलाही मेहुणीनं फॉर्म ठेवला. मी म्हटलं, आपल्या घरात तरी नको. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. आमची पोर सोळाची झाली, म्हणजे मेहुणीच्या भाषेत दोन राहिले, तेव्हा हदगावचं स्थळ आलं. कापूस-सोयाबीनचा व्यापार, पक्कं सिमेंटचं घर. एक लेकरू मातीखाली गेलेल्या बापाला दुसऱ्याची किती भीती असते ते ज्याचं त्याला ठाऊक. कुणाच्या तरी पक्क्या छताखाली टाकून मोकळं व्हावं, एवढंच माझ्या डोक्यात. मेहुणीला सांगितलं, नांदेडला पाहुण्याकडं जावळ आहे. लग्न हदगावलाच ठेवलं. हळदीच्या दिवशी दुपारी बघतो तर एसटीतून उतरून, पिशवी काखेत मारून, ही मांडवात आली. बायकोनं कळवलं असणार. मी तिला कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. नवरदेवाच्या आत्यानं विचारलं, "तुमी कुणाकडच्या? नवरीकडच्या का नवरदेवाकडच्या?" ही म्हणाली, "मी सरकारकडची." आधी पंगतीला बसली. बुंदी दोनदा मागून घेतली. हात धुतले, आणि मग नवरदेवाच्या बापापुढं पासबुक अन् एक कागद ठेवला. "लगीन लावा, मी अडवत न्हाई," म्हणाली. "फकस्त दस्तखत करा. पोर दोन वर्सं कमी हाय हे मला ठावं हाय, आन् तिच्या जिवाचा जिम्मा माझा, एवढंच लिवलंय." लाखाचा कापूस तोंडी सौद्यानं घेणारा तो माणूस, पेन हातात घेऊन टोपण काढत बसला आणि परत लावत बसला. सही काही झाली नाही. संध्याकाळी आम्ही परतीच्या एसटीत होतो. मी पुढं ड्रायव्हरच्या मागं एकटा, आणि मागच्या बाकावर त्या दोघी बहिणी अन् पोर. मेहुणीनं कागदात बांधून आणलेली बुंदी तिघी खात होत्या. मला कुणी विचारली नाही.

दीड वर्ष मी मेहुणीशी बोललो नाही. ती रस्त्यात दिसली की मी थुंकायचो, खोटं कशाला सांगू. मग एक दिवस लातूरच्या अडतीवर हदगावकडचा एक ओळखीचा भेटला. त्याच्याकडून कळलं, त्या घरानं आठ दिवसांतच दुसरी पोर सून करून आणली होती, आमच्या पोरीच्याच वयाची. पहिल्याच बाळंतपणात ती गेली. लेकरूही गेलं. त्या दिवशी मी मिलमध्ये परत गेलो नाही. गावात उतरलो तो घरी न जाता अंगणवाडीत गेलो. मेहुणी खिचडीची डाळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. तिचा हात थांबला. "कुठल्या गावची व्हती?" मी गाव सांगितलं. "तिथली अंगणवाडीची बाई कोण हाय?" मला काय माहीत? मग ती परत डाळ निवडायला लागली. म्हणाली, "बसा, दाजी. खडे निवडा." मी बसलो. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं त्या गावाला जाऊन आली. तिथं कुणाशी काय बोलली, ते तिनं कधीच सांगितलं नाही.

आमची पोर अठराची झाली तेव्हा लातूरला डॉक्टरकीच्या क्लासमध्ये होती. सगळं लातूर तेव्हा पास झालेल्या पोरांच्या फोटोंनी भरलेलं, चौकाचौकात बोर्ड, खोलीत चार-चार पोरं कोंबलेली. मेहुणीनं पेटीतून पासबुक काढलं, नवी साडी नेसली, आम्ही तिघं पोस्टात गेलो. पोरीनं सही केली. जे हाती आलं त्यात लातूरच्या मेसचा एक महिना कसाबसा निघाला असता. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "अठरा वर्सं गावाला हैराण केलंस, ते एवढ्यासाठी?" ती पोस्टाच्या पायरीवर बसली. "दाजी, पैशाचं कोण बोलूलालंय? पोर हाय का न्हाई अठराची? ह्या पैशाला पोर जित्ती लागती, शाळेत लागती, आईबापाच्या घरात लागती. मी त्याच्यासाठी मागं लागले." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या दोन्ही लेकरांच्या पाचवीला कोराच कागद ठिवला व्हता. सकाळी बघितलं तर कोराच. सगळ्यांचाच ऱ्हातो. पर मला आता कोरा कागद बघवत न्हाई." पोरगी समोरच्या गाड्यावरून तीन चहा घेऊन आली. चहात साखर कमी म्हणून मेहुणीनं चहावाल्याशी भांडण काढलं, आणि आम्ही घरी आलो.

पोर डॉक्टर झाली नाही. दोन वेळा परीक्षा दिली, जमलं नाही. नर्स झाली. नांदेडच्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आहे.

मंगळवारी सकाळी मेहुणीचं दार उघडलं नाही. झोपेतच गेली होती. उशाला पिशवी भरून तयार, बुधवारच्या पाचवीचा फॉर्म वरच ठेवलेला, त्यात खुपसलेली तांबडी पेन्सिल. रेघ मारायची राहिली होती. नांदेडहून पोर आली. मेहुणीचं दुसरं कुणी नव्हतं, अग्नी मीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तो फॉर्म काढला, आणि शोधून अठराखाली रेघ मारली. तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढं वाचता येतं. रेघ वाकडी आली. कोपऱ्यावरच्या घरी गेलो आणि अंगणाच्या बाहेरच उभा राहिलो. बाळाची आजी घाईनं पुढं आली. "आबा, तुमाला सुतक हाय, आत येऊ नगा."

"येत न्हाई. हे घे. संध्याकाळी सटवाईपुढं ठेव."

तिनं कागद बघितला. "आबा, ही तिसरी पोर हाय. पैसे दोघींनाच मिळत्यात, बाईंनी सोताच सांगितलं व्हतं."

"तरी तिनं फॉर्म काढून ठेवला व्हता," मी म्हटलं. "ठेव."

तिनं फॉर्म पदराखाली घेतला. मग माझ्या तोंडाकडं बघून हळूच विचारलं, "आन् समजा मिळालेच, तर कवा?"

"अठरा वर्सांनी."

"तवर तुमी असताव का, आबा?"

"मी न्हाई," मी म्हटलं. "पोर असंल."

घरी आलो. शेजारणीनं ताटाखाली दोन भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. दोन्ही खाल्ल्या.