शेंदराखालचा दगड

तेलात शेंदूर कालवला की एक वास सुटतो, ओल्या लोखंडासारखा, जिभेच्या मुळाशी गोडसर लागणारा. त्या शनिवारी आमच्या बुढीने, माझ्या बायकोने, तो वाटीत कालवला, मी वरून जवसाच्या तेलाची धार धरली, आणि ती म्हणाली, "बस करा, देवाले आंघोळ नाही घालायची." आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. घरामागे जिथे अंगण संपतं आणि पऱ्हाटीचं, कपाशीचं वावर सुरू होतं, तिथे कडुलिंबाखाली आमचा मारोती आहे. नाक नाही, तोंड नाही. शेंदराचा फुगत गेलेला गोळा, आणि त्यात रुतवलेले चांदीचे दोन डोळे. बुढी तीन बोटांनी शेंदूर थापायची, घराची भिंत लिंपावी तसा. बोटाला उरलेला नातीच्या कपाळावर टेकवायची आणि म्हणायची, "जा, आता तुले कोनाची नजर नाही लागत."

मंगळवारी भाकर टाकता टाकता ती चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. बायांनी अंग धुतलं, हळद लावली, पण उजव्या हाताच्या बोटाचं नख केशरी ते केशरीच राहिलं. सरणावर सगळं फिकं पडलं होतं, तेवढं एक नख जिवंत वाटत होतं. मी चौथी शिकलेला माणूस. मला दुःख नटवता येत नाही. पण डोळे मिटले की अजून ते नख दिसतं, त्याला मी काय करू?

बाई गेली की घराचा आवाज जातो, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. आवाज वाढतात. रांजणाचं झाकण आपसूक हलतं, वाळत घातलेलं लुगडं वारा नसताना कूस बदलतं, आणि उन्हाळ्याच्या टळटळीत दुपारी, पाखरंही चोच उघडी टाकून गप्प बसलेली असताना, कुणी तरी अंगणाच्या कडेला हलक्या आवाजात बोलत असतं. रात्रीला आपण उगाच भितो. रात्रीला निदान अंधाराची लाज असते. दुपार उघड्यावर सगळं करते.

अशाच एका दुपारी मी वावरातून परतत होतो. लिंबाखाली आमची चिमी, चार वर्षांची नात, मारोतीपुढे मांडी घालून बसली होती. एका हाताची बोटं तिने शेंदरात खुपसली होती आणि ती कुणाशी तरी कुजबुजत होती. माझी चाहूल लागताच तिने मान वळवली. ओठ केशरी, दात केशरी, आणि तिच्या खांद्यामागून ते चांदीचे डोळे माझ्याकडे रोखलेले. ती बुढीच्याच सुरात, बुढीसारखीच मान तिरपी करून म्हणाली, "आजी म्हनते, तुमी सकाळपासून जेवले नाही."

मी खरंच जेवलो नव्हतो. मग जवळ जाऊन पाहिलं. शेंदराच्या थरात बुढीच्या बोटांचे ठसे उमटले होते, तीन-तीन खळगे, ओळीने, वर्षानुवर्षांचे. चिमी त्या खळग्यांत आपली इवली बोटं घालायची, फिरवायची, आणि चाटायची. "आजीचे बोटं हायेत हे," ती म्हणाली, "गोड हायेत." सांगा, अशा लेकराला रागवावं तरी कोणत्या तोंडाने? मी नाही रागवलो. उलट ती गेल्यावर मीही माझी तीन बोटं त्या खळग्यांत टेकवून पाहिली. बरोबर बसली नाहीत. बुढीचा हात लहान होता.

पुढे चिमीचं पोट दुखायला लागलं. पोरगी पिवळी पडली, शौचाला होईना, ताटावरून उठून जायची, येत असलेले शब्द विसरायची. गावच्या बाया म्हणाल्या, आजीचा जीव अडकला तिच्यात, उतारा टाका. सुनेने उताराही टाकला आणि दारव्ह्याची जीपही धरली. सून माझी शहाणी आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त काढून नागपूरला पाठवलं, आणि निकाल आल्यावर आम्हाला परत बोलावलं. रक्तात शिसं होतं. घरात जुन्या बॅटऱ्या कुणी फोडतं का, भिंतीचा रंग उडून पडतो का, काजळ कुठून आणता, असं सगळं त्यांनी विचारलं. सून नाही नाही म्हणत गेली. शेवटी मी म्हणालो, "शेंदूर चाटते ते."

बाईंनी चिमीची बोटं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "बाबा, अस्सल जुना शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसंच. ते लेकराच्या मेंदूत जातं. बाहेरून काही दिसत नाही, आतून कमी होत जातं. औषधापेक्षा आधी ते तोंडात जाणं बंद करा."

"देवाचा हाय तो."

"देवाला मी कुठं काही म्हणते? रंगाला म्हणते."

येताना जीपमध्ये चिमी माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी विचार करत होतो. लहानपणी आम्हाला सापाची भीती घातली, विहिरीची घातली, कडू फळाची घातली. विष कडूच असतं, असंच आम्ही धरून चाललो. जे गोड आहे, लखलखीत आहे, आजीच्या हातचं आहे, त्याची भीती लेकराला कुणी घालावी?

संध्याकाळी शेजारच्या नामदेवला सांगितलं, मारोतीचा चोला, तो सगळा शेंदराचा थर, काढतो म्हणून. तो उसळलाच. "चोला काढत नसतात बे, देव आपल्या मनानं सोडतो. मंग वाजतगाजत नदीत शिरवा लागते. बायको गेली तं देवावर उठला काय तू?"

"नदीत ढोरं पाणी पेतात, पोट्टे पवतात," मी म्हणालो. "आन् देवाचं मन होईपर्यंत पोरगी राह्यली पायजे."

तो उठून घरात गेला. हातही लावायला आला नाही. त्याचं भय मला कळत होतं. माझंही कमी नव्हतं. मारोतीचं नव्हतं ते. ते तीन-तीन खळगे म्हणजे तिचं माझ्याजवळ उरलेलं सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला म्हणालो, पोरीला घेऊन नामदेवच्या घरी बस. नाकातोंडाला दुपट्टा बांधला, बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी सगळं पाण्याने भिजवलं, म्हणजे धूळ उडणार नाही, आणि खुरपं लावलं. थर मोठ्या ढलप्यांनी निघत गेला. तिच्या बोटांच्या खाली माझ्या आईची बोटं होती, त्याखाली आणखी कुणाची, काळपट पडलेली. एकही ढलपा मी ठेवून घेतला नाही. खालची मातीसुद्धा खरवडली, चांदीच्या डोळ्यांसकट सगळं पत्र्याच्या डब्यात बंद केलं, आणि विहिरीपासून लांब, काही पिकत नाही त्या खडकाळ तुकड्यात कमरेइतका खड्डा करून पुरलं. परत आलो तर लिंबाखाली एक लहानसा काळा दगड होता, ओला, साधा. इतकासा होता तो, आणि आम्ही इतकी वर्षं त्याला किती मोठा समजत होतो. मी त्यावर एक जास्वंद ठेवलं. हातपाय, कपडे धुऊन, नखं काढून मग पोरीला बोलावलं.

तिने दगडावरून बोट फिरवलं. एकीकडून, मग दुसरीकडून. खळगा सापडेना. "आबाजी, आजी कुठं गेली?"

घरात तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. "आजी मेली बेटा. ती इथं नव्हती. हा रंग होता, त्यानं तुझं पोट दुखते."

ती रडायला लागली. त्या मंगळवारपासून पहिल्यांदाच, मोठ्या माणसासारखी, पोटातून. मी उगी म्हणालो नाही. तिला कडेवर घेऊन हौदावर नेलं, आणि ती रडत असताना तिचं एकेक बोट साबण लावून, नखाच्या कडेपर्यंत, सावकाश धुतलं.