दिल्लीविरुद्ध, पोस्टासमोर

दिल्लीतल्या सरकारविरुद्ध धरणं धरायचं ठरलं की बदलापुरात पहिला प्रश्न यायचा, बसायचं कुठे? सरकार दिल्लीत. आमच्या गावात त्याची दारं दोनच, एक स्टेशन आणि एक पोस्ट. स्टेशनात बसलं तर माणसं अंगावरून जातात. म्हणून साखर महागो, रॉकेल मिळेनासं होवो की गोडेतेल परवडेनासं होवो, विरोधी पक्षाची सतरंजी पडायची ती पोस्टासमोर. पोस्टमास्तर सज्जन होते. बाहेर येऊन निवेदन घ्यायचे, "वर पाठवतो" म्हणायचे, आणि आत जाऊन आमच्याच मंडळींना आंतरदेशीय पत्रं विकायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही हेंद्रेपाड्यात अकरा खोल्यांच्या चाळीत राहायचो. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. राजकारणाशी माझा संबंध इतकाच, की माझी बायको राजकारणात होती आणि मी तिच्या घरात होतो.

पक्षाच्या तालुक्याच्या पुढाऱ्यांना सगळे भाऊ म्हणत. महागाईविरुद्ध महिलांचं धरणं धरू, असं हिने बैठकीत सुचवलं, तर भाऊ म्हणाले, "बायकांचं धरणं नळ येईपर्यंत. नळ आला की सतरंजी मोकळी." बैठक हसली. ही उभी राहिली.

"चाळीस बायका आणते. पाच वाजता तुम्ही याल तेव्हा चाळीसच्या चाळीस बसलेल्या दिसतील."

भाऊ म्हणाले, बघू. आता आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वेळी हिला बैठकीत चहा करायला सांगणार, एवढाच त्याचा अर्थ.

वेळ दुपारी तीन ते पाच ठरली, कारण नळ सहाला यायचा. पण दोन दिवस आधी कुठलीशी पाइपलाइन दुरुस्तीला काढली आणि नळाचा भरवसा संपला. म्हणून हिने चाळीतल्या पुरुषांची सभा घेतली. घरात सापडलेले पुरुष दोन. एक मी, पहिल्या पाळीहून अडीचला परतणारा, आणि दुसरा रात्रपाळी करून डोळे चोळत उठलेला शेजारी. नळ मध्येच आला तर अकराही घरांचं पाणी आम्ही दोघांनी भरायचं, म्हणजे आमच्या चाळीतल्या एकीलाही उठावं लागणार नाही. बाकीच्या बायका पाड्यातल्याच शेजारच्या चाळींतल्या, त्यांनीही आपापल्या घरी अशीच सोय केली होती. बायकांनी जाण्याआधी हंडे, कळशा, पिंपं दारात मांडून ठेवली आणि प्रत्येकीने वेगळ्या सूचना दिल्या. कुणाच्या तांब्याच्या हंड्याला फडकं बांधून भरायचं, कुणाचं पिंप आधी विसळायचं, पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं. मी सगळ्याला मान हलवली. स्टोअरमध्ये चारशे प्रकारचे नटबोल्ट सांभाळणारा माणूस, अकरा घरांच्या हंड्यांना काय भिणार.

सव्वाचारला नळ आला.

मी आणि शेजारी अक्षरशः धावलो. अर्ध्या तासात पाच घरं झाली. गढूळ पाणी एका घरी सोडलं, एका घरी विसरलो, पण एकंदरीत कर्तबगारी वाखाणण्यासारखी होती. निदान मला तसं वाटलं, आणि तिथेच घोटाळा झाला. वाटलं, ही तिकडे काळजीत असेल. नळ आला का, हे भरताहेत का, असं तिच्या मनात चालू असेल. चटकन जाऊन तिला धीर द्यावा. उरलेली सहा घरं शेजाऱ्यावर सोडली आणि सायकल काढली.

आता आमच्या चाळीची एक रीत सांगायला हवी. ज्याला नळ आलेला पहिल्यांदा दिसेल, त्याने आवाज द्यायचा. लहान असो, म्हातारा असो, नवा जावई असो. तो आवाज इतक्या वर्षांत गळ्यात इतका बसला होता, की तो देताना डोक्याची परवानगी लागत नसे.

पोस्टासमोर चाळीस बायका बसल्या होत्या. हातात पाट्या, मांडीवर एकदोन पोरं. हवालदार बाकावर शेंगा सोलत होता. ही पुढे, पाठ ताठ. मला म्हणायचं होतं, 'पाणी आलंय, आम्ही भरतोय, तुम्ही निवांत बसा.' एवढं सगळं हळूच तिच्या कानात. पण मी सायकलवरूनच गळा मोकळा केला.

"पाणी आलं रे!"

पुढचं वाक्य म्हणायला कुणी उरलंच नाही. पाट्या सतरंजीवर, पोरं कडेवर, आणि एकोणचाळीस बायकांचा मोर्चा हेंद्रेपाड्याकडे. इतका शिस्तबद्ध मोर्चा पक्षाने त्याआधी काढला नव्हता.

सतरंजीवर दोघी राहिल्या. एक ही. दुसरी जांभूळ गावाहून भाजी घेऊन येणारी मावशी, जी पाटी उतरवून सहज बसली होती. मी तिला विचारलं, मावशी तुम्ही नाही उठलात?

"माझ्या घरी नलच नाय. मी कशाला उठू?"

हिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी सायकल स्टँडवर लावली, परत काढली, परत लावली. पोस्टमास्तर खिडकीतून म्हणाले, निवेदन आत्ताच घेऊ का? ती म्हणाली, पाचला.

पाच वाजले. भाऊ आले नाहीत. सव्वापाच वाजले. आणि मग एकेक करून बायका परत यायला लागल्या, धापा टाकत, पदर कमरेला खोचलेले, साड्या गुडघ्यापर्यंत ओल्या. येऊन आपापल्या जागी बसल्या.  एकीने मला सांगितलं, भावजी, आमच्या हंड्यात तुम्ही चिखल भरलाय.

पावणेसहाला भाऊ आले, सोबत फोटोवाला. त्यांनी भरलेली सतरंजी पाहिली, ओल्या साड्या पाहिल्या आणि त्यांचा आवाजच बदलला.

"माताभगिनींवर पाणी मारलं? या सरकारची ही मजल?"

हवालदाराच्या हातातल्या शेंगा तिथेच थांबल्या. "साहेब, मला प्यायला नाही पाणी इथे."

सगळ्या बायका हिच्याकडे बघायला लागल्या. गप्प बसली असती तर चाळीस बायकाही झाल्या असत्या आणि वर जुलूमही. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावलाच होता.

"नळाला गेल्या होत्या, भाऊ," ती म्हणाली. "पाणी भरलं आणि परत आल्या."

"म्हणजे उठल्या होत्या."

"उठल्या होत्या."

"मंग?" मावशी पाटीला हात घालत म्हणाली. "परत आल्या ना? पाचला तर तुमी येनार व्हते."

भाऊंनी घड्याळ पाहिलं. मग भाषण केलं, पण छोटं.

त्या संध्याकाळी चाळीतल्या दहा घरांत पाणी होतं. शेजाऱ्याने ओळीने भरलं आणि आमची खोली शेवटची, तोवर नळ गेला. उसन्या कळशीतलं पाणी पिऊन ही पायरीवर टेकली.

"किती होत्या शेवटी?"

मी मोजल्या होत्या. चाळीस म्हणावंसं फार वाटलं. "छत्तीस. तुला धरून. मावशी वेगळ्या."

"चौघी कोण नव्हत्या, बघितलंत?"

मी नावं सांगितली. तिने पदराने तोंड पुसलं. "उद्या जाऊन विचारते."

आणि गेली. चौथ्या घरातून परतली तेव्हा पुढच्या धरण्याला यायचं चौघींनीही कबूल केलं होतं, एका अटीवर. मी घरीच थांबायचं.