लालबाईचं हिरवं बटण

ऑफिसात तिला सगळे लालबाई म्हणायचे. मागून नव्हे, तोंडावर. शाळकरी पोरं नेटवर काय बरळतात ते दिवसभर वाचायचं, मारामारीचा धोका वाटला तर लाल बटण दाबायचं, नाहीतर हिरवं, हे तिचं काम. हिरवं झालेलं संध्याकाळी पुसलं जाई. लाल झालं की पोलीस थेट पोराच्या दारात! बाई लाल दाबताना मागेपुढे बघायची नाही. "रडू दे मेल्याला, आईबाप तरी शुद्धीवर येतील," म्हणत चहा प्यायची. दयामाया म्हणून नव्हतीच तिच्या अंगात.

पण काम चोख हो! नव्या मुलींना ती बजावायची, "'मारून टाकीन' म्हणणारा जेवून गुपचूप झोपतो. पण घुमं पोरगं जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागलं, की डोळे झाकून लाल दाबा."

एका दुपारी पडद्यावर कुत्र्याचा फोटो आला. पोरांची नावं तिथं दिसत नसत, नुसते नंबर. खाली लिहिलं होतं, 'कुणाला हवा असेल तर घेऊन जा. सोमवारनंतर मला लागणार नाही. वर्गातल्यांनी मला खूप हसून घेतलं. आता बास.'

कुत्र्याचा डावा कान अर्धा तुटलेला. बाई पडद्याजवळ सरकली. त्या कानाला तिनेच मलम लावलं होतं. कुत्रा सख्ख्या बहिणीच्या घरचा, आणि पोरगं तिचा लाडका भाचा.

परक्याचं असतं तर चहा संपायच्या आत लाल झालं असतं. पण बहिणीच्या दारात पोलीस? पोराच्या जन्माचं वाटोळं? छे छे! बाईने हिरवं दाबलं आणि जिन्यात जाऊन बहिणीला फोन लावला.

"अगं, तो कुत्रा देऊन टाकतोय म्हणे. विचार त्याला जरा."

"देऊ दे की! त्याची घाण काढून माझा जीव जातोय. तुला ना ताई, जिकडेतिकडे ऑफिसच दिसतं."

सोमवारचं बाईच्या तोंडून निघालं नाही. बहीण उगाच हाय खाईल, असं तिने स्वतःला समजावलं. खरं तर तिला बहिणीचं ते 'देऊ दे की'च ऐकायचं होतं. "बरं बाई," म्हणून तिने फोन ठेवला.

सोमवारी भाच्याने दप्तरातून सुरी नेली. वर्गातली एक मुलगी गेली. तीही बिचारी त्याला कधी न हसलेली. पोराला पोलिसांनी उचललं.

पुढे बहीण आली ती कुत्र्याला घेऊनच. त्याच्याकडे बघवत नाही म्हणाली, आणि दारातच खाली बसली. "ताई, तू मला सांगत होतीस गं! मीच तुला उडवून लावलं. त्या पोरीला मीच मारलं."

बाईने एवढंच म्हणायचं होतं, की मला सगळं ठाऊक होतं, हिरवं मी दाबलं. शब्द ओठांपर्यंत आलेही. बाईने कुत्र्याची साखळी हातात घेतली.

"तेव्हाच ऐकायला हवं होतंस गं," ती म्हणाली.